एकरकमी, दरमहा की गाय? गरीब कुटुंबाला मदत द्यायची तर कशी द्यायची

खेड्यातल्या गरीब कुटुंबांना थेट पैसे द्यावेत की नाही यावर अजूनही तावातावाने भांडणारे लोक आहेत, आणि त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा म्हणजे "हातात पैसा पडला की दारूत जाणार". तो आधी बाजूला काढू, म्हणजे पुढचं बोलता येईल. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा या दोघा संशोधकांनी आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका असे सगळीकडचे १९ अभ्यास एकत्र करून तपासले, आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात जवळपास कुठेच दिसलं नाही, उलट सरासरी काढली तर किंचित घटलेलाच निघाला. झालं. आता कामाचं.

तुमच्याकडे, म्हणजे एखाद्या ट्रस्टकडे किंवा चार मित्रांच्या ग्रुपकडे थोडाफार फंड आहे आणि तो एखाद्या गावातल्या कुटुंबांसाठी वापरायचाय असं धरून चालतो. तर तुमच्यापुढे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. एक म्हणजे मोठी रक्कम एकदम. दुसरा, तेवढेच पैसे दर महिन्याला थोडे थोडे. तिसरा, पैसे न देता गाय-शेळी-कोंबड्या किंवा धंद्याचं सामान, सोबत ट्रेनिंग आणि कुणीतरी नियमित येऊन बघणार. तिन्हींनी कुटुंबाचं जगणं बदलतं, पण बदलतं वेगवेगळ्या ठिकाणी, आणि घोळ होतो तो इथेच, कारण देणाऱ्याच्या डोक्यात एक असतं आणि निवडलेल्या पद्धतीतून निघतं भलतंच.

पहिल्या दोन रस्त्यांची समोरासमोर तुलना बघायची तर केनियाला पर्याय नाही. पश्चिम केनियातल्या रारिएडा भागात २०११ पासून गिव्हडायरेक्टली या संस्थेने गवताच्या छपराची घरं निवडून त्यांना मोबाईलवर, म्हणजे एम-पेसावर पैसे पाठवले, आणि योहानेस हाउसहोफर व जेरेमी शॅपिरो या दोघांनी त्याचा अभ्यास केला. कुणाला मिळणार हे लॉटरीने ठरलं, एकदम मिळणार की नऊ महिने थोडे थोडे हेही लॉटरीने, आणि नवऱ्याच्या नावावर की बायकोच्या हेसुद्धा लॉटरीनेच, त्यामुळे "ते कुटुंब मुळातच हुशार होतं" वगैरे सबबींना जागा राहिली नाही. निकाल असा की दरमहावाल्यांच्या घरी खाण्यापिण्याची ओढाताण जास्त कमी झाली आणि एकरकमीवाल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. बाकी सगळे मिळून जनावरं, फर्निचर वाढलं, आणि सगळ्यात ठळक म्हणजे पत्र्याची छपरं.

त्या पत्र्याकडे जरा नीट बघा, कारण बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की बघा, पैसे दिले तर घर सजवत बसले, धंदा नाही केला. गवताचं छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावं लागतं, त्याला गवत लागतं, माणसं लागतात, त्यांचा खर्च होतो, आणि पावसाळ्यात गळायचं ते गळतंच, अंथरूण ओलं, धान्य ओलं. पत्रा एकदा टाकला की तो दरवेळचा खर्च कायमचा बंद. म्हणजे ही सरळसरळ गुंतवणूक आहे, फक्त नफा "मिळत" नाही, "वाचतो", आणि वाचलेला पैसा कुठल्या हिशोबाच्या वहीत चटकन दिसत नाही. मग इतकी वर्षं का नाही टाकला? कारण पत्र्यांना लागते एकदम मोठी रक्कम, आणि महिन्याला चार पैसे बाजूला ठेवून ती जमवायची तर मधल्या काळात मूल आजारी पडतं, भाऊ उसने मागतो, शाळेची फी येते, आणि साठलेलं जातं. अक्कल नसते असं नाही, रक्कम टिकत नाही. एकरकमी देण्याचा खरा फायदा तो हाच.

यापेक्षा मोठा प्रयोग २०१८ मध्ये केनियातच सुरू झाला. अभिजित बॅनर्जी, तवनीत सूरी, मायकेल फे, पॉल नीहाउस, अ‍ॅलन क्रूगर अशी सगळी अर्थशास्त्रज्ञ मंडळी त्यात होती. एकूण २९५ गावं. काही गावांत प्रत्येक प्रौढ माणसाला दिवसाला पाऊण डॉलरच्या हिशोबाने दरमहा पैसे, आणि तेही १२ वर्षं मिळणार म्हणून सांगितलेलं. काही गावांत तेवढेच दरमहा, पण फक्त २ वर्षं. काही गावांत त्या २ वर्षांची साधारण तेवढीच रक्कम, म्हणजे ५०० डॉलरच्या आसपास, एकदम देऊन टाकली. आणि १०० गावांना काहीच नाही, तुलनेसाठी. दोनेक वर्षांनी बघितलं तर नवे छोटे धंदे आणि धंद्याची कमाई यात एकरकमीवाले पुढे, १२ वर्षांची हमी असलेले पुढे, आणि २ वर्षांचे दरमहावाले या दोघांच्या मागे. गंमत म्हणजे दरमहाचे दोन्ही गट तोपर्यंत अगदी सारखेच पैसे घेत होते, फरक एवढाच की एकाला माहीत होतं पुढे अजून दहा वर्षं येणार आहेत.

आणि १२ वर्षंवाल्यांनी काय केलं? भिशा लावल्या! दर महिन्याचे पैसे भिशीत, आळीपाळीने प्रत्येकाच्या हातात मोठी रक्कम. म्हणजे तुम्ही थोडे थोडे दिले तरी लोकांनी त्याचं एकरकमी करून घेतलंच, कारण हप्ता येत राहणार याची खात्री होती म्हणून भिशीत अडकायची हिंमत झाली. दोन वर्षांनी बंद होणाऱ्या पैशावर ती हिंमत तेवढी होत नाही. यातून मी काढलेला अर्थ असा की "दोन वर्षं दरमहा" हा पर्याय देणाऱ्याच्या सोयीचा आहे, बजेट दोन वर्षांचं असतं ना, म्हणून. घेणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तीन पर्यायांत तोच सगळ्यात लंगडा, निदान रोजगार-धंदा हा तुमचा हेतू असेल तर.

पण एकरकमीचीही एक बाजू आहे जी लोक सांगत नाहीत. याच प्रयोगात मनावरचा ताण आणि नैराश्य दरमहा मिळणाऱ्यांमध्ये जास्त कमी झालं. समजण्यासारखं आहे, धंदा सुरू केला की डोक्याला धंद्याचा ताप लागतो, आणि दर महिन्याला येणारा मेसेज ही नुसती झोप लागण्याचीसुद्धा गोष्ट असते. म्हातारं जोडपं असेल, घरात कमावतं माणूस आजारी किंवा अपंग असेल, एकटी बाई लहान मुलं घेऊन असेल, तर तिथे "धंदा किती वाढला" हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे दरमहा, आणि जमेल तितकी जास्त वर्षं.

आणि आळशी होतात का? या गावांत एकूण काम कमी झालं नाही, दुसऱ्याकडची मजुरी कमी करून लोक स्वतःच्या धंद्याकडे वळले. ज्यांना स्वस्तात मजूर हवे असतात त्यांना हेच "आळशी झाले" असं दिसतं, तो भाग वेगळा.

दरमहा दिलं म्हणजे सगळं खाण्यातच जातं असंही नाही हं. मेक्सिकोत १९९७ ला प्रोग्रेसा नावाची सरकारी योजना सुरू झाली, मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली की आईच्या हातात पैसे. तिथल्या खेड्यांतल्या कुटुंबांचा हिशोब मांडला तेव्हा निघालं की दर पेसोतले, म्हणजे १०० सेंटावोंतले, साधारण ७४ सेंटावो खर्चात गेले आणि उरलेला चौथा हिस्सा जनावरं, शेती, छोटे उद्योग यात गेला, आणि शेतीचं उत्पन्न वाढलं. म्हणजे हळूहळू का होईना गुंतवणूक होते. फक्त ती योजना वर्षानुवर्षं चालली, हे विसरू नका.

आता तिसरा रस्ता, गाय. देणाऱ्याला हा सगळ्यात आवडतो कारण गाय दिसते, फोटोत येते, तिच्या गळ्यात हार घालता येतो. कुटुंबाने जर मिळालेल्या पैशातून सावकाराचं फेडलं तर त्याचा फोटो कुठून काढणार? रवांडात एका पोषणाच्या कार्यक्रमाची आणि तेवढ्याच खर्चाच्या रोख रकमेची तुलना केली होती, तर छोट्या रोख रकमेतून लोकांनी आधी कर्जं कमी केली आणि थोडीफार सामानसुमानात घातली. मुलांच्या खाण्यापिण्यात, तब्येतीत फरक पडायला पाचशेच्या वर डॉलरची मोठी रक्कम लागली. तेव्हा रक्कम छोटी असेल तर ती आधी कर्जात जिरेल हे धरूनच चाला, आणि त्यात वाईट काहीच नाही, व्याज थांबणं ही पण कमाईच.

तर गाय. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब बायकांसाठी एक पॅकेज सुरू केलं: जनावर किंवा तत्सम साधन, ते कसं सांभाळायचं याचं ट्रेनिंग, काही महिने खाण्यापुरते पैसे, बचतीची सोय, आणि जवळपास दर आठवड्याला भेट देणारा माणूस. नंतर हेच इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू अशा सहा देशांत दहा हजारांवर लोकांसोबत तपासलं गेलं, २०१५ मध्ये निकाल छापून आले, आणि मदत संपल्यावर वर्षाने सुद्धा खर्च, मालमत्ता, उत्पन्न वर होतं. पश्चिम बंगालमध्ये तर दहा वर्षांनीही परिणाम टिकलेला दिसला. एवढा काळ टिकलेला परिणाम या क्षेत्रात सहज सापडत नाही. युगांडाच्या उत्तर भागात तरुणांच्या गटांना धंद्यासाठी माणशी ४०० डॉलरच्या आसपास एकदम दिले होते, चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्के जास्त होती, पण नऊ वर्षांनी बघितलं तर न मिळालेलेही कमाईत बरोबरीला आले होते. काही जण याला अपयश म्हणतात, मला नाही वाटत, मधली इतकी वर्षं ते लोक बरं जगले आणि त्यांच्याकडे साधनं जास्त राहिली, पण हो, पैशाने तिथे वेग दिला, कायमची उंची नाही दिली.

मग गायच द्यावी का? थांबा. त्या पॅकेजमधला एक भाग लोक नेहमी गाळतात, तो म्हणजे काही महिने खाण्यापुरते दिलेले पैसे. गाय दारात आली म्हणजे दुसऱ्या दिवशी दूध सुरू होत नाही, चारा मात्र पहिल्या दिवसापासून लागतो, तिच्यामागे राहायचं तर मजुरीला जायचे तास कमी होतात, आणि त्या मधल्या काळात घरात काही नसलं तर गाय विकली जाते. मुलगी आजारी पडली तर अर्धी गाय विकता येत नाही, अख्खीच जाते, आणि गरजेला विकलेल्या जनावराला भाव कधीच मिळत नाही. म्हणजे यशस्वी पॅकेजमध्ये मुळात तिन्ही रस्ते एकत्र होते, एकरकमी साधन, दरमहा खर्ची, आणि वर माणूस. त्यातला माणूस काढला आणि खर्ची काढली तर उरते नुसती गाय. होंडुरासमध्ये बहुतेकांनी कोंबड्या निवडल्या होत्या, त्या रोगाने मेल्या, आणि सहा देशांत तिथलाच निकाल फिका पडला. रोखीत हा धोका विभागला जातो, एकाने कोंबड्या घेतल्या तर दुसऱ्याने पत्रे घेतले असते, तिसऱ्याने शिलाई मशीन.

शिवाय खर्च बघा. दर आठवड्याला येणारा माणूस पगार घेतो, गाडी लागते, ट्रेनिंग लागतं, आणि तुमच्या फंडातला मोठा हिस्सा कुटुंबाकडे जायच्या आधीच संपतो. दोन वर्षं सलग माणूस ठेवायची ताकद नसेल तर जनावर देऊच नका, सरळ पैसे द्या. ताकद असेल आणि कुटुंब असं असेल की ज्यांनी कधी स्वतःचं काही चालवलेलं नाही, कुणी पाठीशी नाही, तर मात्र हा रस्ता रोखीपेक्षा सरस ठरू शकतो.

गावाकडे कसा रस्ता जातो हेही बघायला हवं, अगदी डांबराचा रस्ता म्हणतोय मी. केनियाच्या सियाया भागात ६५३ गावांचा अभ्यास झाला, एडवर्ड मिगेल आणि त्यांचे सहकारी त्यात होते, दहा हजारांवर कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर मिळाले, आणि एवढा पैसा आला तरी महागाई नावालाच, ०.१ टक्क्याच्या आसपास. उलट दिलेल्या एका डॉलरमागे स्थानिक उलाढाल जवळजवळ अडीच डॉलरने वाढली आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांचाही फायदा झाला, कारण खर्च शेवटी शेजारच्या दुकानात आणि शेजारच्या मजुरावरच झाला. छान. पण फिलिपिन्समध्ये उलटं घडलं, दुर्गम गावांत जिथे बहुसंख्य घरांना पैसे मिळाले तिथे अंड्यांसारख्या ताज्या खाण्याचे भाव चढले, आणि योजनेत नसलेल्या घरांतल्या मुलांची वाढ खुंटली. मेक्सिकोतही दिसलं की बाहेरून धान्य-सामान आणून वाटलं तर दुर्गम गावात भाव उतरतात. म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी येते आणि एकच दुकानदार आहे अशा ठिकाणी नुसती रोकड ओतण्याआधी दोनदा विचार करा. मालच येत नसेल तर जास्त पैसा म्हणजे त्याच मालाला जास्त भाव.

अटी घालाव्यात का, मुलं शाळेत गेली तरच पैसे वगैरे? मलावीत मुलींवर केलेल्या अभ्यासात अट घातली तिथे शाळा गळती जास्त कमी झाली, पण विनाअट पैसे मिळाले तिथे लवकर लग्न आणि गरोदरपण जास्त टळलं, कारण शाळा सोडलेल्या मुलीला अटीच्या योजनेत काहीच मिळत नाही आणि नेमकी तिलाच गरज असते. मोरोक्कोत नुसतं "हे शिक्षणासाठी आहे" असं सांगून दिले तरी अटीइतकाच परिणाम झाला. अट म्हणजे हजेरी तपासणारा माणूस, रजिस्टर, आणि त्यासोबतची दादागिरी. छोट्या फंडाला परवडत नाही, सोडून द्या.

बायकोच्या नावावर की नवऱ्याच्या? मोरोक्कोत फरक पडला नाही, केनियात खर्चाच्या बाबतीत फारसा पडला नाही. केनियात मारहाण मात्र पैसे कुणालाही दिले तरी कमी झाली, आणि बाईला दिले तिथे लैंगिक जबरदस्तीही कमी झाली. माझं मत बाईच्या बाजूने, पण मोबाईल खरंच तिच्या हातात असतो का ते आधी विचारा.

वेळ, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि फॉर्ममध्ये त्याला रकानाच नसतो. सियायाच्याच गावांतल्या बाळंतपणांचा हिशोब नंतर केला गेला, २०२५ मध्ये तो बाहेर आला, आणि पैसे मिळालेल्या घरांत बाळं दगावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं, त्यातही पैसा बाळंतपणाच्या आसपास आला आणि दवाखाना आवाक्यात होता तिथे परिणाम जास्त, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बायकांचं कष्टाचं काम कमी झालं होतं. तीच रक्कम वर्षभराने आली असती तर कदाचित पत्रे आले असते. दुसरीकडे घानात लीप नावाच्या सरकारी योजनेचे पैसे सुरुवातीला कधी येतील याचा नेम नव्हता, मध्येच काही महिने काहीच नाही मग एकदम थकबाकी, तर कुटुंबांच्या रोजच्या खर्चात काही वाढ दिसली नाही, लोकांनी त्यातून कर्ज फेडलं आणि बचत केली. नावाला दरमहा, प्रत्यक्षात बेभरवशाची एकरकमी. असलं देण्यापेक्षा तारीख सांगून एकदाच द्या.

आणि सरळ विचारा की तुम्हाला कसे हवेत. केनियात असं विचारलं तर बहुतेकांनी एकरकमीच मागितली, आणि बऱ्याच जणांनी "आत्ता नको, अमुक महिन्यात द्या" असं सांगितलं. पेरणीच्या तोंडावर, फी भरायच्या वेळी, ज्याची त्याची वेळ. आपल्याला वाटतं गरिबाला आजच हवे असतात, पण आज हातात आले तर आजच कुणीतरी मागायला येतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तर मला विचाराल तर धडधाकट, काम करणारी माणसं असलेल्या घराला, बाजार जवळ असेल तर, एकरकमी, जमेल तेवढी मोठी, त्यांनी सांगितलेल्या महिन्यात. पन्नास घरांना चिल्लर वाटण्यापेक्षा दहा घरांना पुरेसं द्या, फक्त ती दहा कशी निवडली हे चारचौघांत, लॉटरीने किंवा सगळ्यांना दिसेल अशा निकषावर, कारण शेजाऱ्याला मिळाले आणि आपल्याला नाही याचं दुःख खरं असतं, केनियातच ते मोजलंही गेलंय. आणि आधी नीट समजावून सांगा. केनियातल्या होमा बेमध्ये २०१५ च्या सुमारास निम्म्याच्या आसपास लोकांनी फुकट पैसे घ्यायलाच नकार दिला होता, यामागे काहीतरी सैतानी भानगड आहे अशी अफवा होती, आणि खरं सांगायचं तर फुकट पैसे वाटणारा अनोळखी माणूस आला तर संशय घेणं शहाणपणाचंच आहे.

पाठवायचे मोबाईलवरच. नायजरमध्ये २००९-१० च्या दुष्काळात काही बायकांना हातात आणि काहींना मोबाईलवर पैसे दिले, तर मोबाईलवाल्यांचा जाण्या-येण्याचा आणि रांगेत ताटकळायचा वेळ वाचला आणि घरात जास्त प्रकारचं खाणं आलं. पण मोबाईल म्हणजे चोरी नाही असं समजू नका. काँगोमध्ये २०२२ साली गिव्हडायरेक्टलीचेच सुमारे ९ लाख डॉलर गेले, नोंदणी करणाऱ्या त्यांच्याच काही लोकांनी सिम कार्डं हडप केली होती. म्हणून नाव नोंदवणारा माणूस आणि नंतर घरी जाऊन "पैसे मिळाले का, किती मिळाले" विचारणारा माणूस हे दोघं वेगळे ठेवा, आणि एकमेकांना ओळखत नसतील तर अजूनच बरं.